सख्खे भाऊ : नाही

सुधींद्र ज्या यंत्राचं पुस्तक लिहीत होता, ते यंत्र त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. यात त्याची काही चूक नव्हती; पाहायची परवानगीच नव्हती. कानडी मुलखातल्या त्या शहराबाहेर, के. आर. पुरमच्या वाटेवर, रस्त्यापासून बराच आत, तारेच्या दुहेरी कुंपणामागे सैन्यासाठी वायरलेस सेट बनवण्याचा सरकारी कारखाना होता. कुंपणाच्या आत सेट, आणि बाहेर पत्र्याच्या एका खोलीत कंत्राटावर घेतलेले तीन लेखक. चीनचं युद्ध होऊन आठ महिने झाले होते. डोंगरावरच्या जवानाला, बोटं थंडीनं बधिर झालेली असताना, सेट कसा चालवायचा ते कळेल असं सोपं पुस्तक हवं, असा दिल्लीहून हुकूम आला होता. इंजिनियर मंडळींना सोपं लिहिता येत नाही हे दिल्लीलासुद्धा ठाऊक होतं, म्हणून हे तिघे.

पद्धत अशी होती. खोलीच्या आतल्या बाजूच्या भिंतीला पोस्टात असते तशी एक खिडकी होती. लेखकानं प्रश्न चिठ्ठीवर लिहून आत सरकवायचा आणि आतून नंदकिशोर दामले नावाच्या पुण्याच्या इंजिनियरानं उत्तर लिहून परत द्यायचं. 'डावीकडचं बटण फिरवल्यावर आवाज होतो का?' 'होतो. टक् असा.' 'हातमोजा घालून ते बटण धरता येतं का?' यावर दामल्यानं खरोखरच कुणाचा तरी हातमोजा मागून आणला आणि तासाभरानं लिहिलं, 'येतं, पण घसरतं.' आकडे तर लेखकांना कळायचेच नाहीत. तिथं रिकामी जागा सोडायची, आतला माणूस भरणार. आणि खरी मौज पुढेच. संध्याकाळी लिहिलेली पानं आत गेली की त्यांवर 'गोपनीय' असा शिक्का बसे, आणि शिक्का बसला की ते पान ज्यानं लिहिलं त्यालाही वाचायची बंदी. म्हणजे सुधींद्र रोज सकाळी कालचं शेवटचं वाक्य आठवायचा आणि तिथून पुढे लिहायला लागायचा. सरकारनं आजवर पुष्कळ शहाणपणाची कामं केली आहेत, त्यातलंच हे एक.

तरी हे काम त्याला मनापासून आवडत होतं. वडिलांची, नरसिंहरावांची, इथल्याच शिवाजीनगरात टायपिंगची संस्था होती. ते गेल्यावर दहा वर्षं त्यानं ती चालवली, लोकांचे अर्ज आणि वकिलांच्या नोटिसा टाइप केल्या. सगळी वाक्यं दुसऱ्यांची. आता पहिल्यांदाच कुणाला तरी त्याचं स्वतःचं वाक्य हवं होतं. चिठ्ठ्याचिठ्ठ्यांतून तो सेट त्याच्या डोक्यात पुरा उभा राहिला होता. एकदाच आत जावं, त्याला हात लावावा, आपण लिहिलं ते बरोबर आहे का बघावं, एवढीच त्याला हाव होती. त्यासाठी पोलिसांची पडताळणी होऊन 'हरकत नाही' असा कागद यायला हवा होता. बरोबरच्या दोघांचा कागद मार्चमध्येच आला आणि ते आत गेले. सुधींद्रचा जुलै संपत आला तरी पत्ता नाही. त्यात आता नवा नियम निघाला होता की एक ऑगस्टपासून कागद नसलेल्या माणसाला बाहेरच्या खोलीतही बसू द्यायचं नाही. त्याच्याजवळ नऊ दिवस उरले होते.

बावीस जुलैच्या दुपारी खिडकीत चिठ्ठीऐवजी दामल्याचा चेहराच दिसला.

"तुमच्या व्हेरिफिकेशनला क्वेरी आलीय, सुधींद्रराव," तो हळू आवाजात म्हणाला. "स्पेशल ब्रँचचा माणूस येऊन बसलाय सिक्युरिटी ऑफिसात. घाबरू नका, रूटीन असेल."

रूटीन म्हणताना त्यानं नजर चुकवली, म्हणून सुधींद्र घाबरला.

इन्स्पेक्टर श्रीधरराव साध्या कपड्यांत होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, कपाळावर अंगाऱ्याची उभी रेघ आणि खाली अक्षतेचा ठिपका. लेकीची पत्रिका घेऊन आलेल्या मामासारखे दिसत होते. सुधींद्रचं नाव ऐकताच त्यांनी इंग्रजी सोडून दिलं आणि घरच्या मराठीत म्हणाले, "बसा की. आपलेच आहात." ते ऐकून सुधींद्रचा जीव थोडा भांड्यात पडला. तिथंच तो फसला.

"जानेवारीत तुम्ही फॉर्म भरलात," श्रीधरराव म्हणाले. "रकाना अकरा, सख्खे भाऊ. तुम्ही लिहिलंत, नाही."

"हो."

"नाहीतच?"

"मी एकटाच."

"सरी, बरं." त्यांनी फायलीतून एक चतकोर कागद काढला. "ही तुमची रजेची चिठ्ठी. मे महिन्यातली. घरात सुतक, तीन दिवस रजा. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"कुणाचं सुतक?"

"नात्यातलं," तो म्हणाला.

"भाऊबंदांतलं असतं तर दहा दिवस धरलं असतं. मी चौकशी केली, तुमच्या भाऊबंदांत यंदा कुणी गेलेलं नाही. आजोळचं म्हणावं तर तुमच्या आईंचे आईवडील जाऊन जमाना झाला. मग राहिलं काय? आईबाप गेले की तीनच दिवस सुतक असतं दोघांना. एक सासरी गेलेली लेक. ती काही तुम्ही नव्हे." ते किंचित हसले. "दुसरा, दत्तक गेलेला मुलगा."

याआधी ही फाईल ज्या इन्स्पेक्टराकडे होती तो मंगळूरकडचा ख्रिस्ती होता. त्यानं तीच चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली होती. ते तीन दिवस वाचता येणारा माणूस सगळ्या खात्यात एखादाच असावा आणि फाईल नेमकी त्याच्या टेबलावर जावी, याला नशीब म्हणतात.

आता जे होतं ते असं. सुधींद्रचा जन्म कोलारच्या सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या एका कारकुनाच्या घरी झाला. तेव्हा त्याचं नाव व्यंकटेश होतं, आणि गुंडो नावाचा पाच वर्षांनी मोठा भाऊ होता. व्यंकटेश सात वर्षांचा असताना नात्यातल्या नरसिंहरावांनी आणि लक्ष्मीदेवींनी त्याला दत्तक घेतलं. होम झाला, आईनं त्याला आपल्या मांडीवरून उचलून लक्ष्मीदेवींच्या मांडीवर ठेवलं, नाव बदललं, गोत्र बदललं. त्या दिवसापासून मल्लेश्वरातल्या त्या घरात मागच्या घराचं नाव निघालं नाही. कुणी पाहुणा चुकून बोलला तर लक्ष्मीदेवी त्याच्याकडे अशा बघत की त्याचा घास घशात अडकावा. पोरगं शहाणं होतं. त्यानं विचारणं सोडून दिलं. म्हणूनच रकाना अकराशी त्याची लेखणी क्षणभरही अडखळली नाही. तो खोटं बोलत नव्हता. चोवीस वर्षं तो त्या घरात बिनभावाचा होता, आणि चोवीस वर्षांत माणसाला काहीही खरं वाटायला लागतं.

मे महिन्यात कोलारहून कार्ड आलं, त्याची जन्मदाती आई गेल्याचं. तो गेला. गुंडो तिथं नव्हता. नोव्हेंबरात लाल बावट्याच्या लोकांची धरपकड झाली तेव्हा त्याला उचललं होतं, आणि आईला अग्नी द्यायलाही सोडलं नव्हतं. अग्नी कुठल्या तरी चुलतभावानं दिला. सुधींद्रला अधिकार नव्हता; तो गावच्या चार लोकांत उभा राहिला. येऊन तीन दिवस सुतक पाळलं, आणि कामाच्या माणसासारखी रजेची चिठ्ठी लिहून दिली.

"गुंडो तुमचा थोरला," श्रीधरराव म्हणाले. "खाणीतल्या युनियनचा सेक्रेटरी. असा सख्खा भाऊ असलेल्या माणसाला कुंपणाच्या आत सोडायचं नाही, असा वरचा हुकूम आहे."

"मी त्याला चोवीस वर्षांत पाहिलेलं नाही."

"तेच तर म्हणतो मी. तुम्ही सज्जन माणूस आहात, म्हणून वाट दाखवतो. शास्त्रानं तुम्ही त्याचे भाऊ नाही. कायद्यानंही नाही, दत्तक गेल्या दिवसापासून मागची नाती तुटली. तेवढंच लिहून द्या. उद्या चार वाजता घरी येऊन तुमच्या आईंचा जबाब घेतो. त्यांनी तेच सांगितलं की मी वर शिफारस करतो. सोमवारी तुम्ही आत."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. सुधींद्रनं तीन मसुदे केले. वाक्याचा अर्थ एकच निघाला पाहिजे, वाचणाऱ्याला शंका राहता कामा नये, हे गेले सहा महिने तो रोज करत होता, आणि हात सवयीनं चालत राहिला. पहिल्या मसुद्यात 'दत्तकविधानानंतर' होतं, दुसऱ्यात 'कायदेशीररीत्या' होतं. दोन्ही शब्द काढल्यावर वाक्य स्वच्छ झालं. 'गुंडो माझा भाऊ नाही.' त्यानं खाली सही केली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण आपण काहीतरी नासवलं असंच त्याला वाटत राहिलं, आणि बसमध्ये बसल्यावरही ते गेलं नाही.

घरी लक्ष्मीदेवी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. तो त्यांना अम्मा म्हणायचा. चप्पल काढता काढताच त्यानं सगळं सांगितलं. फक्त आपण सही केल्याचं तेवढं राहिलं. "उद्या पोलीस येतील, अम्मा. ते विचारतील भावाचं. नातं नाही, एवढंच म्हणायचं. खोटं काही नाही त्यात, शास्त्राला धरूनच आहे. नाही तर एक तारखेपासून माझं काम गेलं."

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "सरी," एवढंच म्हणाल्या. त्यानं तो होकार धरला. मागच्या घराचं नाव टाळायचं म्हणजे अम्मांच्या मनासारखंच झालं, असं त्याला वाटलं.

मंगळवारी चारच्या ठोक्याला श्रीधरराव आले. कोटाच्या खिशातून पेन काढून त्यांनी फाईल मांडीवर घेतली. अम्मांनी स्वतः कॉफी आणून ठेवली आणि समोर खांबाला टेकून बसल्या. सुधींद्र दाराशी उभा राहिला, कारण त्याला बसवेना.

"तुम्हाला त्रास देत नाही, अक्का," श्रीधरराव म्हणाले. "एकच विचारायचं. सुधींद्ररावांना भाऊ आहे का?"

"आहे की," अम्मा म्हणाल्या. "गुंडो. याच्याहून पाच वर्षांनी थोरला."

सुधींद्रला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा काहीतरी घोटाळा झाला. "अम्मा, ते आत्ताचं विचारतायत. दत्तकाच्या आधीचं नाही."

"काय विचारतात ते मला कळतं रे."

श्रीधररावांनी पेन खाली ठेवलं. "अक्का, स्वल्प विचार करून बोला. मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. तुम्ही हे म्हटलंत की याचं काम गेलं. पुन्हा सरकारी काम मिळायचं नाही. काल यांनी स्वतः लिहून दिलंय की तो माझा भाऊ नाही."

"लिहून दिलं?" अम्मांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. त्या रागावल्या असत्या तरी चाललं असतं. त्या रागावल्या नाहीत.

"त्याची चूक नाही, अण्णा," त्या श्रीधररावांना म्हणाल्या. "हे मी केलं. याच्या आईनं मुलगा देताना एक मागितलं होतं. दिवाळीला दोघा भावांना एकदा भेटू द्या. होमासमोर मी हो म्हटलं. सहा महिन्यांत तो थोरला आला. बारा वर्षांचं पोर, एकटं रेल्वेत बसून आलं. हा आत झोपला होता. मी त्या पोराला बाहेरच पान मांडून पोटभर वाढलं आणि तिथूनच लावून दिलं. याला उठवलं नाही. मला भीती की भाऊ दिसला तर हा माझा राहायचा नाही. पोरगं माझ्या पाया पडलं. म्हणालं, राहू दे, झोपू दे व्यंकूला, मी दिवाळीला येतो. आणि दिवाळीला आला तेव्हा मी दारच उघडलं नाही. बराच वेळ हाका मारत होता."

सुधींद्र उंबऱ्यावरच बसला. चोवीस वर्षं त्यानं एक गोष्ट मनात घट्ट धरली होती की देऊन टाकल्यावर आपल्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. तेवढ्यावरच तर त्यानं विचारणं सोडलं होतं, आणि कालची सहीसुद्धा त्याच जोरावर केली होती.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगायला तोंड नव्हतं म्हणून. मे महिन्यात ती बाई गेली. पोटचे दोन मुलगे होते तिला, एक सरकारनं ठेवून घेतला आणि एक मी. तिला अग्नी परक्यानं दिला." अम्मांनी पदर सारखा केला. "आता भाऊ नाही म्हणून पुन्हा माझ्या तोंडानं वदवू नका. कोर्टात बोलवायचं तर बोलवा, मी तिथंही हेच सांगेन."

सुधींद्रला अम्मांचा संताप आला होता. तिनं त्याचा भाऊ दारातून परत पाठवला होता, आणि आज त्याच भावाला घरात आणताना त्याच्या आयुष्यातलं एकुलतं एक मनाजोगं काम घालवलं होतं. दोन्ही तिनंच, दोन्ही त्याला न विचारता. यातलं कशावर जास्त रागवावं ते त्याला कळत नव्हतं.

श्रीधररावांनी दाराबाहेर पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांचा आवाज खाली आला. "माझ्याकडे तुमचा कालचा कागद आहे. अक्कांचा जबाब अजून कोरा आहे. वय झालं, नीट आठवत नाही, असं मी लिहिलं तर कुणी विचारायला येणार नाही. मी इतके दिवस नोकरी केली, एवढं मला करता येतं. तुम्ही सांगा, काय लिहू?"

अम्मांनी विनवणी केली नाही, रडल्याही नाहीत. कॉफीचे पेले उचलून त्या आत गेल्या आणि त्याला एकट्याला सोडलं.

सुधींद्र बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. सोमवारी दामल्यानं दार उघडलं असतं. तो सेट टेबलावर ठेवलेला असता. डावीकडचं बटण त्यानं आधी फिरवलं असतं. हे सगळं त्याला समोर दिसत होतं, आणि त्याच्या आड एक बारा वर्षांचं पोरगं बंद दाराशी उभं राहून हाका मारत होतं. ते पोरगं काही केल्या हलेना.

"फॉर्म द्या," तो म्हणाला.

"कशाला?"

"रकाना अकरा चुकीचा भरलाय."

श्रीधररावांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मग फाईल उघडून फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. कालचा सहीचा कागदही काढून शेजारी ठेवला. सुधींद्रनं तो कागद फाडून चार तुकडे केले आणि श्रीधरराव नजर दुसरीकडे वळवून बसले. 'नाही' या शब्दावर त्यानं रेघ मारली आणि वर लिहिलं, गुंडो. वय छत्तीस. उद्योग, खाण कामगार युनियनचे सेक्रेटरी. पुढे छापलेलं होतं, सध्याचा पत्ता.

तिथं त्याचं पेन थांबलं. सहा महिने त्यानं खिडकीतून हजार प्रश्न विचारले होते, हातमोज्यापर्यंत विचारले होते, आणि हा एक प्रश्न कोलारला चितेजवळ उभा असतानाही कुणाला विचारला नव्हता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "बळ्ळारीला नेलं असं तेव्हा कुणीतरी बोललं."

"बळ्ळारीहून डिसेंबरातच आणलं," श्रीधरराव म्हणाले. "इथंच आहे. सेंट्रल जेल, शेषाद्री रोड."

मल्लेश्वराहून शिवाजीनगरच्या बसपर्यंत तो रोज सायकलनं शेषाद्री रोडवरूनच जायचा. जानेवारीपासून, सकाळ-संध्याकाळ, त्या भिंतीच्या कडेकडेनं. एकदा चेन पडली तेव्हा तर त्याच भिंतीला सायकल टेकवून त्यानं ती बसवली होती, आणि हात काळे झाले म्हणून चरफडला होता. बळ्ळारीला असता तर लांब होता म्हणून सोडून देता आलं असतं. आता तेही राहिलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पोलिसासमोर ते पुसायचीही त्याला लाज वाटली नाही.

"भेटू देतात का?" त्यानं विचारलं.

"कुणालाही नाही," श्रीधरराव म्हणाले. "सख्ख्या भावाला देतात. बुधवारी सकाळी."

सुधींद्रनं पत्ता लिहिला आणि खाली सही केली.